पक्षी, डांबर आणि आहुतीचा वास

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमच्या वाचनकट्ट्यावर एक गृहस्थ म्हणाले की बायबलमधली नोहाची गोष्ट बाबिलोनच्या गिल्गामेश महाकाव्यातून उचललेली आहे. दुसऱ्यांनी मोबाईलवर एका प्राचीन मुद्रेचं, म्हणजे ठसा उमटवायच्या शिक्क्याचं, चित्र दाखवलं आणि सांगितलं, हे बघा, आदाम, हव्वा आणि साप, तेही बायबलच्या हजारेक वर्षं आधी. तिसऱ्यांनी विचारलं, मग आपल्या मनूच्या प्रलयाचं काय? यातलं खरं किती, असं तुम्ही विचारताय.

पुराबाबत पहिल्या गृहस्थांचं म्हणणं बरंचसं बरोबर आहे. फक्त "उचललेली" हे क्रियापद आणि "गिल्गामेश" हे नाव, दोन्ही जरा घाईचं झालंय. मुद्रेच्या चित्राने दुसऱ्यांची फसगत केलीय. मनूचं खातं वेगळं. गेली पंचवीसेक वर्षं मी अक्कादी (बाबिलोन-अश्शूरची जुनी भाषा) आणि हिब्रू शिकवतो आणि दर वर्षी पहिल्याच तासाला हाच प्रश्न येतो, तेव्हा जरा ऐसपैस लिहितो.

सुरुवात जॉर्ज स्मिथपासून करू. शिक्षण बेताचं, पेशा नोटांच्या ठशांवर कोरीव काम करण्याचा. कामाच्या सुट्टीत ब्रिटिश म्युझियममध्ये जाऊन, अश्शूरची जुनी राजधानी निनवे इथून आलेल्या मातीच्या पाट्यांवरची कीलाकार लिपी हा माणूस स्वतःच्या हिमतीवर वाचायला शिकला आणि शेवटी तिथेच नोकरीला लागला. १८७२ मध्ये एका फुटक्या पाटीवर त्याला दिसलं की नाव डोंगरावर टेकते, आतला माणूस कबुतर सोडतो आणि त्याला पाय टेकायला जागा न मिळाल्यामुळे ते परत येतं. ३ डिसेंबर १८७२ रोजी त्याने हे जाहीर सभेत वाचलं तेव्हा पंतप्रधान ग्लॅडस्टन श्रोत्यांत बसले होते. पाटीचा हरवलेला भाग शोधण्यासाठी डेली टेलिग्राफने एक हजार गिनी दिल्या. स्मिथ निनवेला गेला आणि थोड्याच दिवसांत त्याला हवा तो तुकडा मिळालाही! गंमत अशी की तो तुकडा गिल्गामेशचा नव्हताच. तो अत्राहासिस नावाच्या त्याहून जुन्या काव्याच्या प्रतीचा होता, हे पुढे कळलं. म्हणजे "कुठून उचलली" याचा गुंता पहिल्याच दिवशी हातात आला होता, फक्त कुणाला दिसला नाही.

आता पुरावा. पूर आला, जग बुडालं, एकच माणूस वाचला, एवढ्याने काही सिद्ध होत नाही. नदीकाठच्या कुठल्याही माणसांना ही गोष्ट सुचेल. मी विद्यार्थ्यांना सांगतो, मोठ्या सांगाड्याकडे बघू नका, फुकटच्या तपशिलाकडे बघा. जो तपशील नसता तरी गोष्ट अडली नसती, तोच दोन्हीकडे त्याच जागी आला तर कान टवकारायचे.

गिल्गामेशच्या अकराव्या पाटीत पुरातून वाचलेला उत्नपिश्तिम नाव डोंगराला लागल्यावर सातव्या दिवशी कबुतर सोडतो, मग पाकोळी, मग कावळा. कावळा परतत नाही, म्हणजे जमीन उघडी पडली. बायबलच्या पहिल्या पुस्तकाच्या, उत्पत्तीच्या, आठव्या अध्यायात नोहा आधी कावळा सोडतो, मग सात-सात दिवसांच्या अंतराने कबुतर. क्रम बदललाय, पाकोळी गळलीय, पण पाणी ओसरलं का हे बघायला पाखरं पाठवायची ही युक्ती तीच आणि गोष्टीतली जागाही तीच. प्रलयाच्या गोष्टीला पाखरांची काहीच गरज नव्हती. झाकण उघडून डोकावलं असतं तरी भागलं असतं, आणि नोहा पुढे तेही करतोच.

दुसरा तपशील एका शब्दाचा आहे आणि मला तो सगळ्यात आवडतो. देव नोहाला सांगतो की तारवाला आतून बाहेरून "कोफेर" लाव. डांबर या अर्थाने हा शब्द सबंध हिब्रू बायबलमध्ये फक्त इथे, उत्पत्ती ६:१४ मध्ये, येतो. डांबराला हिब्रूचा नेहमीचा शब्द "हेमार" आहे. आणि उत्नपिश्तिम आपल्या नावेला काय लावतो? "कुप्रू". यहूदियाच्या डोंगराळ मुलुखात बसून गोष्ट रचणाऱ्याला हा शब्द सुचण्याचं कारण नव्हतं. दक्षिण इराकमध्ये मात्र डांबर जमिनीतून वर येतं आणि बोटी त्यानेच लिंपतात. गोष्ट दुसऱ्या गावाहून आली आणि येताना बुडाला तिथलं डांबर चिकटून आलं.

तिसरा तपशील वासाचा. बाहेर पडल्यावर उत्नपिश्तिम डोंगरमाथ्यावर आहुती देतो, आणि पाटीत पुढे आहे (भाषांतर माझं): "देवांनी तो वास घेतला, देवांनी तो गोड वास घेतला, देव माश्यांसारखे यजमानाभोवती गोळा झाले." माझ्या मराठी विद्यार्थ्यांना इथे टीप द्यावी लागत नाही. मूळ अक्कादी शब्दांचा अर्थ "आहुतीचा धनी" असा आहे, म्हणजे तंतोतंत आपला यजमान. उत्पत्ती ८:२१ मध्ये नोहाच्या होमानंतर परमेश्वर तो सुखकर वास घेतो आणि पुन्हा भूमीला शाप देणार नाही असं मनाशी ठरवतो. वास राहिला, माश्या गेल्या. का गेल्या, याचं उत्तर अत्राहासिसमध्ये आहे.

अत्राहासिसची सर्वांत भरवशाची जुनी प्रत इपिक-आया नावाच्या लेखनिकाने तीन पाट्यांवर उतरवली. बाबिलोनचा राजा अम्मी-सादुका याचा तो काळ, ढोबळमानाने इसवी सनापूर्वी सतरावं शतक. लेखनिकाने शेवटी ओळींची बेरीजही लिहून ठेवलीय: १,२४५. काव्य सुरू होतं संपाने. कनिष्ठ देवांना कालवे खणून खणून वीट आलाय. ते अवजारं जाळतात आणि रात्री देवांचा मुख्य एन्लिल याच्या वाड्याला वेढा घालतात. मुंबईच्या वाचकाला ही जागा फार जवळची वाटते, घेराव म्हणजे घेराव! तोड म्हणून देवांच्या वाट्याची मजुरी करायला माणूस घडवतात, माती आणि एका मारलेल्या देवाचं रक्तमांस मळून. मग माणसं इतकी वाढतात की त्यांच्या गोंगाटाने एन्लिलला झोप लागेना. तो आधी रोगराई पाठवतो, मग दुष्काळ, आणि शेवटी पूर. शहाणा देव एन्की शपथेला बांधलेला, म्हणून तो ज्याला वाचवायचं त्या माणसाशी न बोलता त्याच्या बोरूच्या कुडाशी बोलतो: भिंती, नीट ऐक. पूर येतो, माणसं बुडतात, आणि देवांच्या ध्यानात येतं की नैवेद्य दाखवणारंच कुणी उरलं नाही. ते उपाशी आहेत. माश्यांसारखे धावतात ते भुकेने.

हे वाचून नोहाकडे परत या. उत्पत्तीतला देव माणसांच्या हातचं खात नाही, म्हणून माश्यांना तिथे जागा नाही. गोंगाट आणि झोपमोड गेली, तिथे माणसाची दुष्टाई आली. भिंतीआडून गुपित फोडणारा दुसरा देव नाही. बुडवायचं ठरवणारा आणि वाचवणारा एकच, आणि त्यामुळे त्याच्या मनातली घालमेल गोष्टीतच शिरली. तो पस्तावतो, आणि होमानंतर पुन्हा विचार बदलतो. शेवट तर सरळ उलटाच फिरवलाय. अत्राहासिसच्या अखेरीस लोकसंख्या आवरण्याची तजवीज होते, काही स्त्रिया वांझ राहतील, काही बाळं राक्षसी नेईल. उत्पत्तीच्या नवव्या अध्यायाच्या पहिल्याच वाक्यात देव नोहाला म्हणतो, फलद्रूप व्हा, बहुगुणित व्हा, पृथ्वी भरा. ज्याने हे लिहिलं त्याला जुना शेवट माहीत होता असं मला वाटतं. इतका नेमका उलटा शेवट आंधळेपणी लागत नाही.

म्हणून "उचललेली" हा शब्द मला खटकतो. उचलणारा माल लपवतो. इथे सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट घेऊन तिच्यातलं दैवतच बदललंय, आणि ऐकणाऱ्याला जुनी गोष्ट आठवत असेल तरच हा बदल झोंबतो.

आणखी एक. उत्पत्तीतली पुराची गोष्ट एकहाती नाही. तारवात प्राणी एकदा जोडीजोडीने जातात, एकदा शुद्ध प्राण्यांच्या सात-सात जोड्या. पाऊस एकीकडे चाळीस दिवस, दुसरीकडे पाणी दीडशे दिवस चढं. दोन जुने धागे एकत्र विणलेत, हे मत अभ्यासकांत बहुतेक सर्वमान्य आहे. तारवाची मापं आणि "कोफेर" एका धाग्यात येतात, कबुतर आणि आहुतीचा वास दुसऱ्यात. दोन्ही धाग्यांना बाबिलोनी गोष्ट आपापल्या वाटेने पोचलेली होती, म्हणून कुठलातरी एकच लेखक एकच पाटी समोर ठेवून नक्कल करत बसला होता हे चित्र टिकत नाही. नावेचा आकारही प्रत्येकाचा वेगळा: गिल्गामेशमध्ये १२० हातांचा चौकोनी ठोकळा, नोहाची ३०० हात लांब, ५० रुंद, ३० उंच पेटी. आणि अर्व्हिंग फिंकेल यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, साधारण इसवी सनापूर्वी १७५० च्या पाटीत तर ती गोल आहे. हंपीला तुंगभद्रेत गोल टोपलीसारख्या नावेत बसला असाल तर तीच कल्पना, फक्त अवाढव्य.

मग ही गोष्ट यरुशलेमपर्यंत पोचली कशी? शाळकरी उत्तर असतं, बंदिवासात. इसवी सनापूर्वी ५९७ आणि ५८६ मध्ये नबुखद्नेस्सरने यहूदी राजघराणं, कारागीर आणि बरेच लोक बाबिलोनला नेले. याला तिथल्या दप्तराचाही दुजोरा आहे. बाबिलोनच्या राजवाड्यात सापडलेल्या शिधावाटपाच्या पाट्यांवर "यहूदाचा राजा" यहोयाखीन आणि त्याच्या पाच मुलांना दिलेल्या तेलाची नोंद आहे. खेड्यापाड्यांत वसवलेल्यांचे करारमदार अल-याहुदू नावाच्या वस्तीतून मिळालेत, इसवी सनापूर्वी ५७२ ते ४७७ या काळातले. नावच "यहूदाचं गाव". हे लोक अरामी बोलत, बाबिलोनी कारकुनांसमोर सह्या-साक्षी करत, आणि सण-उत्सवांचा गलबला ऐकत.

पण वाट एवढी एकच नव्हती. मगिद्दो इथे १९५० च्या दशकात गिल्गामेशच्या एका पाटीचा तुकडा सापडला, इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकाच्या आसपासचा, म्हणजे इस्राएलचं राज्य उभं राहण्याच्या कितीतरी आधीचा. त्याच सुमारास यरुशलेमचा राजा अब्दी-हेबा इजिप्तच्या फारोला पत्रं लिहायचा ती अक्कादीत. कनानमधली, म्हणजे इस्राएलपूर्वीच्या त्या मुलुखातली, लेखनिक-पोरं बाबिलोनी काव्यं गिरवून अक्षर घटवायची. पुढे अश्शूरी साम्राज्य आलं, त्याचे तह आणि शापांच्या याद्या आल्या. तेव्हा कुठला धागा कधी आला हे दर वेळी वेगळं तपासावं लागतं. "सगळं बंदिवासातलं" आणि "बंदिवासात काहीच नाही", दोन्ही म्हणणी आळसाची.

आता मनू. शतपथ ब्राह्मणात मनूच्या ओंजळीत मासा येतो, वाढतो, पुराची सूचना देतो, आणि नाव त्याच्या शिंगाला दोराने बांधून उत्तरेच्या डोंगराकडे नेली जाते. नंतर मनू आहुती देतो, एवढं जुळतं. पण पाखरं नाहीत, डांबर नाही, चिडलेला देव नाही. आणि तिकडे मासा नाही. फुकटचे तपशील जुळत नाहीत, मधली वाट दाखवता येत नाही. संबंध नव्हताच असं मी छातीठोक सांगणार नाही, पण नोहा आणि उत्नपिश्तिमच्या पंगतीला मनूला बसवू नये.

हाच हिशेब कर्णाला लावून बघा. अक्कादचा राजा सर्गोन याच्या नावावरच्या एका मजकुरात तो सांगतो: आई याजिका, तिने मला गुपचूप जन्म दिला, बोरूच्या टोपलीत ठेवून झाकण डांबराने बंद केलं, नदीत सोडलं, पाणी शेंदणाऱ्या अक्कीने मला काढून वाढवलं. बायबलमधल्या मोशेची टोपली (त्यालाही बाळपणी तिच्यात घालून नदीकाठी सोडतात) आणि कर्णाची पेटी तुम्हाला लगेच आठवली असेल. कर्ण आणि सर्गोन यांच्यात वाट दाखवायची गरज नाही, कारण नको असलेलं मूल आणि जवळची नदी यातून ही गोष्ट आपोआप निघते. मोशेच्या बाबतीत मात्र भूगोल जवळचा, सर्गोनच्या मजकुराच्या उपलब्ध प्रती अश्शूरी काळातल्या, आणि डांबर पुन्हा हजर. मी याला "बहुधा होय" म्हणतो, पुराइतकं पक्कं नाही. जाता जाता: मराठीत आपण नोहाचं "तारू" म्हणतो आणि मोशेचा "पेटारा", त्यामुळे एक गोष्ट निसटते. हिब्रूत दोन्हीकडे एकच शब्द आहे, "तेवा", आणि तो बायबलमध्ये या दोनच गोष्टींत येतो. पाण्यावरचा दुसरा बचाव लिहिणाऱ्याला पहिला आठवत होता.

मुद्रेचं लवकर आटोपतो. खजुराच्या झाडाच्या दोन बाजूंना दोन आकृत्या बसल्यात, मागे सर्प आहे. जॉर्ज स्मिथनेच १८७६ मध्ये ही मुद्रा आदाम-हव्वेची म्हणून छापली आणि तेव्हापासून ती फिरतेय. पण दोघेही अंगभर कपड्यांत आहेत आणि एकाच्या डोक्यावर शिंगांचा मुकुट आहे. मेसोपोटेमियाच्या, म्हणजे प्राचीन इराकच्या, चित्रांत तो मुकुट म्हणजे देव. देव आणि त्याच्यासमोर बसलेला भक्त, असं नेहमीचं दृश्य आहे ते. सापाने माणसाचं अमरत्व हिरावलं ही कल्पना खरोखर हवी असेल तर गिल्गामेशच्या अकराव्या पाटीचा शेवट वाचा. तारुण्य परत देणारी वनस्पती तो समुद्रतळातून आणतो, वाटेत तळ्यात आंघोळीला उतरतो, साप ती पळवतो आणि कात टाकतो. उत्पत्तीतल्या सापाशी याचं नातं दूरच्या चुलत्याचं.

सृष्टीच्या पहिल्या अध्यायाबाबत मात्र जपून. १८९५ मध्ये हेर्मान गुंकेलने मांडलं की उत्पत्ती १:२ मधला "तेहोम", खोल जलाशय, म्हणजे बाबिलोनच्या एनुमा एलिश काव्यातली समुद्रदेवी तिआमत. तिला बाबिलोनचा मुख्य देव मार्दुक मारतो आणि वाळत घालायच्या माशासारखे उभे दोन भाग करतो. एका भागाचं आकाश होतं. (कोकणातल्या वाचकाला हे दृश्य समजावून सांगावं लागत नाही.) पाणी दुभंगून वर आकाश ताणणं उत्पत्तीतही आहे. पुढे १३ जानेवारी १९०२ रोजी फ्रीडरिख डेलिच यांनी जर्मन सम्राटासमोर "बाबेल आणि बायबल" हे व्याख्यान दिलं आणि मग जे बघावं ते बाबिलोनचं, अशी लाटच आली. डेलिच यांचा सूर पुढे उघड ज्यूद्वेषी झाला, हेही विसरू नये. "यांचं स्वतःचं काहीच नाही" या वाक्यामागे कधी कधी अभ्यास नसतो.

भाषेच्या अंगाने तेहोम हा तिआमतवरून घेतलेला शब्द नव्हे. दोन्ही एकाच जुन्या सेमिटिक मुळाच्या लेकी आहेत, आणि तेहोममधला "ह" अक्कादीतून परत येऊ शकत नाही, कारण अक्कादीने तो केव्हाच गिळला होता. शिवाय १९२९ पासून सीरियाच्या किनाऱ्यावर उगारीतच्या पाट्या निघाल्या आणि चित्रच पालटलं. तिथे वादळदेव बआल समुद्राशी झुंजतो, आणि सात तोंडांच्या लितान नावाच्या समुद्री राक्षसाला "पळता सर्प, वाकडा सर्प" म्हटलंय. यशया २७:१ मध्ये लिव्याथानाला जवळजवळ तेच शब्द आहेत. म्हणजे समुद्राशी लढाईचा ऐवज शेजारच्या कनानचा, थेट बाबिलोनचा नव्हे. मात्र उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात एक बारकावा बघण्यासारखा आहे. सूर्य आणि चंद्र यांची नावंच घेतलेली नाहीत. "मोठी ज्योती" आणि "लहान ज्योती" म्हटलंय. सूर्याला हिब्रूत "शेमेश", आणि बाबिलोनचा सूर्यदेव शमाश. नाव घेतलं की देव उभा राहतो, म्हणून दिवे टांगल्यासारखे टांगून ठेवलेत.

काही गोष्टी तर यहूदी परंपरा स्वतःच कबूल करते. आजच्या ज्यू पंचांगातले महिने, निसान, इय्यार, तम्मूज, आव, तिश्री, ही बाबिलोनी नावं आहेत, आणि यरुशलेमी तलमुद या ज्यू धर्मग्रंथात सरळ म्हटलंय की महिन्यांची नावं लोकांबरोबर बाबिलोनहून वर आली. तम्मूज तर मरून परतणारा मेंढपाळ-देव. यहेज्केल ८:१४ मध्ये यरुशलेमच्या मंदिराच्या दाराशी बायका त्याच्यासाठी रडताना दिसतात आणि संदेष्टा संतापतो. तरी महिन्याचं नाव राहिलंच. आपल्या अलिबाग-पेणकडचे बेने इस्राएल ज्यू आवच्या नवव्या दिवसाच्या उपासाला "बिरड्याचा रोजा" म्हणत आलेत. नबुखद्नेस्सरने मंदिर पाडलं त्याचं सुतक, महिन्याचं नाव त्याच्याच गावचं, आणि ओळख वालाच्या बिरड्याची.

आता ज्या भागाबद्दल तुमच्या कट्ट्यावर कुणी बोललं नसावं तिकडे वळतो. बायबल बंद झालं की उसनवारी थांबली, असं झालं नाही; उलट नंतरच्या लेखनात ती जास्त उघडी दिसते.

उपदेशकाच्या पुस्तकापासून सुरू करू, ते बायबलमधलंच पण उशिराचं, बहुतेकांच्या मते इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकाच्या आसपासचं. ९:७-९ मध्ये तो सांगतो: आनंदाने भाकर खा, द्राक्षारस पी, कपडे शुभ्र असू देत, डोक्याला तेल असू दे, आवडत्या बायकोबरोबर सुखाने राहा, तुझ्या वाट्याला एवढंच आहे. गिल्गामेशच्या जुन्या बाबिलोनी पाठात गुत्तेवाली सिदुरी त्याला हेच सांगते, याच क्रमाने: पोट भर, मौज कर, कपडे स्वच्छ ठेव, डोकं धू, हात धरणाऱ्या लेकराकडे बघ, बायकोला कुशीत घे. उपदेशकाने लेकरू तेवढं गाळलं. आणखी एक: "तीन पेडांचा दोर सहज तुटत नाही" हे त्याचं वाक्य (४:१२). गिल्गामेश आणि हुवावाच्या सुमेरी काव्यात तीन पेडांच्या दोराची हीच म्हण मित्राला धीर देताना येते. मधे हजार-बाराशे वर्षांहून मोठं अंतर आहे, आणि सिदुरीचा हा उपदेश महाकाव्याच्या नंतरच्या प्रमाण प्रतीत नाही. पुस्तकातून आलं की तोंडी शहाणपण म्हणून फिरत आलं? माझा कौल तोंडी वाटेला.

मग हनोख. उत्पत्तीच्या पाचव्या अध्यायात आदामापासून सातवा, आयुष्य ३६५ वर्षं, म्हणजे सौर वर्षाचे दिवस; तो मरत नाही, देव त्याला नेतो. एवढ्या दोन ओळींवर पुढच्या यहूदी लेखकांनी आख्खा ग्रंथसंभार उभा केला: हनोख स्वर्गात जातो, सूर्य-चंद्राच्या गती शिकतो, गुपितं लिहून आणतो. मेसोपोटेमियात पुराआधीच्या राजांच्या यादीत एन्मेदुरांकी आहे, काही प्रतींत सातवा, सूर्यदेवाच्या सिप्पर नगरीचा राजा. शमाश आणि वादळदेव अदाद त्याला आपल्या सभेत नेतात, सोन्याच्या आसनावर बसवतात, शकुनविद्या शिकवतात. सातवा, सूर्य, स्वर्ग, गुप्तविद्या. चार खुणा एका माणसावर जमल्या की मी योगायोग म्हणत नाही. हनोखाच्या खगोलग्रंथाचे अरामी तुकडे मृत समुद्राकाठच्या कुम्रानच्या गुहांत मिळाले, आणि त्यातल्या चंद्रदर्शनाच्या कोष्टकांमागे जुनं बाबिलोनी गणित आहे.

या राजांच्या यादीचीच एक गंमत. बेरोसस नावाच्या बाबिलोनी पुजाऱ्याने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात ग्रीकमध्ये इतिहास लिहिला. त्याच्या हिशेबी पुराआधी दहा राजे झाले आणि त्यांचा एकूण काळ ४,३२,००० वर्षं. आदामापासून नोहापर्यंतही दहाच पिढ्या. आणि ४,३२,००० हा आकडा आपल्याकडे कुठे भेटतो हे सांगायला नको. कलियुगाची वर्षं तेवढीच. बाबिलोनी साठाच्या हिशेबात तो १२० गुणिले ३,६०० असा सहज पडतो. यावरून उड्या मारणारे पुष्कळ आहेत. मी आकडा नोंदवून गप्प बसतो.

शेवटचा आणि माझ्या मते सर्वांत सुंदर पुरावा कुम्रानच्याच अरामी "राक्षसांच्या पुस्तकात" आहे. उत्पत्ती ६:१-४ मध्ये देवपुत्र मानवकन्यांशी संग करतात आणि महाकाय संतती होते, एवढं त्रोटक आलंय. हनोखाच्या परंपरेत ते देवपुत्र म्हणजे "पहारेकरी" दूत. ते पृथ्वीवर उतरून माणसांना धातुकाम, मंत्र-तोडगे, नक्षत्रविद्या शिकवतात आणि त्यानेच जग बिघडतं. राक्षसांच्या पुस्तकात त्यांची पोरं बोलतात, भयाण स्वप्नं बघतात आणि अर्थ विचारायला हनोखाकडे निरोप धाडतात. या राक्षसांच्या नावांत दोन अशी आहेत: गिल्गामेश आणि होबाबीश. दुसरं नाव म्हणजे देवदारवनाचा राखणदार हुम्बाबा (सुमेरी काव्यातला हुवावा), ज्याला गिल्गामेशनेच मारलं होतं. सबंध हिब्रू बायबलमध्ये गिल्गामेशचं नाव एकदाही नाही, आणि इथे तो पुरात बुडणाऱ्यांच्या बाजूला बसवलाय! पुढे इसवी सनाच्या तिसऱ्या शतकात मानी पंथाचा संस्थापक मानी याने याच पुस्तकाचा आपला पाठ केला आणि त्याचे तुकडे पार मध्य आशियात तुर्फानला निघाले.

बाबिलोनी बाजूने हे उलट वाचलं की मजा कळते. तिथे पुराआधीचे सात ऋषी, अपकल्लू, पाण्यातून येऊन माणसाला शेती, लेखन, नगररचना शिकवतात. बाबिलोनचे पंडित स्वतःला त्यांचे वारस मानत. हनोखाच्या लेखकांनी तीच विद्या घेतली, शिकवणाऱ्यांना पतित दूत ठरवलं, आणि बाबिलोनच्या नायकाला त्यांचं अनौरस पोर केलं. पहारेकरी म्हणजे तोंड काळं केलेले अपकल्लू, हे मत काही अभ्यासकांनी मांडलंय आणि मला ते पटतं. पण त्याच वेळी ज्ञान सोडवत नाही, म्हणून तीच नक्षत्रविद्या मागल्या दाराने हनोखाच्या हाती दिलीय, या वेळी देवाच्या परवानगीने.

कट्ट्यावर हे वाचायला घेणार असाल तर क्रम असा ठेवा: आधी अत्राहासिस पूर्ण, मग गिल्गामेशची अकरावी पाटी, मग उत्पत्ती ६ ते ९. उत्पत्ती वाचताना दोन रंगांच्या पेन्सिली घ्या. "परमेश्वर" येतं तिथे एक रंग, "देव" येतं तिथे दुसरा. हा ढोबळ नियम आहे, दोन-चार ठिकाणी फसेल, पण डांबर आणि आहुतीचा वास कुठल्या रंगात पडतात ते तुम्हाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल. मुद्रेचं चित्र दाखवणाऱ्या गृहस्थांना शिंगांचा मुकुट मोठा करून बघायला सांगा.